अर्जात मुलीचं नाव घालायचं की नाही?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत): पत्रलेखिका एकोणचाळीस वर्षांच्या आहेत. कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतात, लॅबमध्ये नोकरी करतात. सहा वर्षांपासून पीआर, म्हणजे तिथल्या कायम रहिवासी आहेत. गेल्या वर्षी सांगलीत त्यांचं लग्न झालं. त्यांचं पहिलं, पतीचं दुसरं. पती सहकारी बँकेत आहेत. त्यांना पहिल्या लग्नाची तेरा वर्षांची मुलगी आहे, आठवीत शिकते. घटस्फोट परस्पर संमतीने झाला. ताबा वडिलांकडे, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी आईकडे. आईने पुन्हा लग्न केलं असून ती कोल्हापुरात असते. मुलीचं रोजचं सगळं आजी बघते. आता पतीला कॅनडात आणण्यासाठी स्पॉन्सरशिपचा, म्हणजे त्यांच्या खर्चाची हमी घेऊन पीआर मागण्याचा, अर्ज भरायचा आहे. सासूबाई म्हणतात, "पोरीची दहावी होऊ दे, मग न्या." पुण्याचा एजंट म्हणतो, "मुलीचं नाव आत्ता टाकूच नका, फाइल लवकर सुटेल, नंतरचं नंतर बघू." पती म्हणतात, "तू म्हणशील तसं." एका मैत्रिणीने दहा वर्षांच्या हमीची भीती घातली आहे. पत्रलेखिका विचारतात: "आधी आम्ही दोघांनी बस्तान बसवावं आणि मुलीला दोन-तीन वर्षांनी आणावं, असं मला वाटतं. यात मी स्वार्थी ठरते का? आणि उद्या हे लग्न टिकलं नाही, तर तिचा खर्च दहा वर्षं मी का करायचा?"

एजंटाचा सल्ला आधी निकालात काढू, म्हणजे बाकीचं शांतपणे बोलता येईल. मुलीचं नाव अर्जात न घालणं हा पर्यायच नाही. कॅनडात फॅमिली क्लासमधून, म्हणजे नातेवाइकाच्या स्पॉन्सरशिपवर, पीआर मागणाऱ्याने आपलं प्रत्येक अवलंबित मूल अर्जात दाखवायचं असतं, मग ते सोबत येणार असो वा नसो. त्या मुलाची वैद्यकीय तपासणीही व्हावी लागते. जे मूल दाखवलं नाही किंवा तपासलं गेलं नाही, त्याला पुढे तेच वडील किंवा तीच आई स्पॉन्सर करू शकत नाही. इमिग्रेशनच्या नियमावलीतलं हे कलम ११७(९)(डी). 'नंतर बघू' म्हणून मागे ठेवलेली मुलं या कलमामुळे वर्षानुवर्षं मागेच राहिली आहेत. २०१९ पासून सरकारने काही जणांना तात्पुरती सवलत दिली आहे, पण ती आधीच अडकलेल्यांसाठी. तिच्या भरवशावर आज जाणूनबुजून नाव गाळणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. शिवाय मूल लपवणं ही खोटी माहिती ठरते, आणि तसं ठरलं तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद. ते तुमच्या पतींचं बंद होईल. एजंट पुढची फाइल घेऊन बसलेला असेल.

आणि फाइल लवकर सुटते म्हणजे नेमकं काय वाचतं? मुलीचा जन्मदाखला, पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी आणि ताब्याचे कागद. अठरा वर्षांखाली असल्यामुळे तिला पोलिसांचं प्रमाणपत्रसुद्धा लागत नाही. फीचं म्हणाल तर पतीच्या फीपुढे तिची किरकोळ आहे. पीआरच्या हक्काची म्हणून जी मोठी रक्कम भरावी लागते, ती अवलंबित मुलांना लागूच नाही.

तेव्हा 'नंतर' या गोष्टीचा विचार जरूर करा, पण नाव दाखवून. तसं केलं तर तुमच्यापुढे तीन वाटा आहेत, आणि तिन्ही सरळ आहेत.

पहिली म्हणजे मुलगी वडिलांबरोबर येते. दुसरी, तिला अर्जात 'सोबत न येणारी' म्हणून दाखवायचं, तिची तपासणी करून घ्यायची, आणि पुढे तुमचे पती पीआर होऊन कॅनडात राहायला लागले की त्यांनी स्वतः तिला स्पॉन्सर करायचं. अवलंबित मूल म्हणजे बावीस वर्षांखालचं आणि अविवाहित. वय मोजतात ते अर्ज पोहोचतो त्या तारखेचं. म्हणजे घाबरून घाई करावी अशी परिस्थिती नाही. मात्र तेव्हा नवा अर्ज, नवी फी आणि नव्याने वाट पाहणं हे सगळं आलं. तिसरी वाट फार थोड्यांना माहीत असते. मुलीला 'सोबत येणारी' म्हणूनच दाखवायचं, दोघांचे व्हिसा एकदम मिळवायचे, पण विमानात एकाच दिवशी बसायचं नाही. वडिलांनी आधी लँड व्हायचं, म्हणजे कॅनडात उतरून पीआर व्हायचं. मुलगी तिच्या कागदांवरच्या अंतिम तारखेच्या आत कधीही येऊ शकते. ही तारीख बहुधा वैद्यकीय तपासणीपासून वर्षभराची असते, त्यामुळे हातात काही महिनेच राहतात. पण शाळेचं वर्ष पुरं करायला तेवढे पुष्कळ. याचाच एक पोटप्रकार असा की दोघांनी एकदम लँड व्हायचं आणि मुलीने परत जाऊन शिक्षण पुरं करायचं. पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं, ते तिला जमण्यासारखं आहे. फक्त परतीच्या विमानासाठी पीआर कार्ड हातात हवं, आणि ते कॅनडातल्या पत्त्यावर येतं. कार्ड यायच्या आत तिला सांगलीला पाठवून दिलं तर पुन्हा कागदांचं नवं लचांड मागे लागेल.

आता तुमचा प्रश्न. स्वार्थी ठरता का? माझ्या मते नाही. इतकी वर्षं एकटीने परदेशात संसार ओढल्यावर, नव्या नवऱ्याबरोबर दोन वर्षं मोकळी मिळावीत असं वाटणं यात काही वाईट नाही. उलट हे तुम्ही स्वतःशी कबूल केलंत, याचं मला बरं वाटलं. शंका मला आहे ती 'बस्तान' या कल्पनेबद्दल. तुम्ही असं धरून चालला आहात की मुलगी नसेल तर ती दोन-तीन वर्षं सोपी जातील. तुमचे पती सांगलीत बँकेत अधिकारी आहेत, चार लोक नमस्कार करतात. कॅनडात पहिल्या वर्षी ते कदाचित गोदामात रात्रपाळी करतील, थंडीत बसची वाट बघतील, आणि तुमच्या पगारावर घर चालतंय हे त्यांना रोज जाणवेल. त्यात मुलगी साडेनऊ-साडेदहा तासांच्या अंतरावर. तुमचा जेवणाचा वेळ म्हणजे तिची शाळेला निघायची वेळ. तिचा ताप, तिची परीक्षा, आजीचं दुखणं हे सगळं फोनवरून येणार, आणि ज्या मोकळिकीसाठी तिला मागे ठेवलंत ती मोकळीक त्या फोनमध्ये जाणार. मुलगी घरात असेल तर अवघड जाईल, नक्कीच जाईल. पण ती नसेल तर सोपं जाईल हे गृहीत धरू नका.

दुसरी गोष्ट तुमच्या पतींबद्दल, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. "तू म्हणशील तसं" हे ऐकायला किती छान वाटतं! पण मुलगी त्यांची आहे. तिला मागे ठेवायचं की आणायचं हे तुम्ही ठरवायचं आणि उद्या काही बिनसलं की "तिनेच तसं ठरवलं" असं सगळ्या घराने म्हणायचं, हा सौदा तुम्ही करू नका. आधी बाप म्हणून त्यांना काय वाटतं ते त्यांच्या तोंडून ऐका. मग बायको म्हणून तुम्हाला काय झेपेल ते सांगा. क्रम हाच असू द्या.

तिसरी गोष्ट. तुमच्या लांबलचक पत्रात सासूबाई बोलतात, एजंट बोलतो, मैत्रीण बोलते. मुलगी एकदाही बोलत नाही. तिला कोणी विचारलंय का? तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात निर्णय द्या असं मी म्हणत नाही. तो भार तिच्यावर टाकणंही क्रूरपणाच. पण तिला तिथल्या शाळेची भीती वाटते का, आईला भेटता येणार नाही याची, आजीला एकटं सोडण्याची, की तुमची, हे कळल्याशिवाय वरच्या तीन वाटांतली एक निवडायची तरी कशी? तिची आई चार वर्षांपूर्वी घरातून गेली. आता वडील जाणार, आणि तेही एका नव्या बाईबरोबर. 'फक्त दोन वर्षं' हा हिशोब आपला असतो. तिला तो तसा दिसेलच असं नाही. हे बोलणं वडिलांनी करावं, तुम्ही नाही आणि आजी तर नाहीच. तुम्ही मात्र अर्ज भरण्याआधी किंवा तो चालू असताना, जमेल तेवढी रजा काढून सांगलीला जा आणि तिच्याबरोबर राहा. थोड्या दिवसांसाठी गेलात तर चालेल. पण तुम्ही नागरिक नसून पीआर आहात, त्यामुळे अर्ज करताना आणि तो चालू असताना तुमचा मुक्काम कॅनडातच असला पाहिजे हे विसरू नका. नागरिक असाल तर परत येऊन राहण्याचा इरादा दाखवून भारतातूनही अर्ज करता येतो, ही माहिती अशाच पेचातल्या इतर वाचकांसाठी.

दहावीचं काय? आपल्याकडे दहावी हे जवळजवळ कुलदैवतच, तिचा नवस फेडल्याशिवाय घरातून कोणी हलत नाही. सासूबाईंचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, पण ऑन्टारिओचं गणित वेगळं आहे. तिथलं हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं, आणि मूल कोणत्या इयत्तेत बसेल हे मुख्यतः वयावर ठरतं. डिप्लोमासाठी, म्हणजे हायस्कूल पूर्ण झाल्याच्या प्रमाणपत्रासाठी, तीस क्रेडिट (विषय पूर्ण केल्याचे गुणांक), चाळीस तास समाजसेवा आणि साधारण दहावीत होणारी साक्षरता चाचणी लागते. आपल्या दहावीचा बोर्डाचा निकाल तिथे कोणी भिंतीवर लावत नाही. आधीच्या शिक्षणाची क्रेडिट मुख्याध्यापक धरून देतात आणि पुढे चालू. अर्जाला वर्षभर किंवा त्याहून जास्त लागेल असं धरलं, तर निकाल येईपर्यंत तुमची मुलगी नववीच्या शेवटाला किंवा दहावीत असेल. नववी संपवून आली तर सप्टेंबरमध्ये तिथल्या दहावीत बसेल आणि इंग्रजीचा हात बसायला, मैत्रिणी करायला तिला तीन वर्षं मिळतील. आपली दहावी करून आली तर थेट अकरावीत. युनिव्हर्सिटीचे प्रवेश बारावीच्या विषयांवर ठरतात आणि त्यातल्या बऱ्याच विषयांना अकरावीतले विषय आधी लागतात. म्हणजे जी वर्षं मोजली जातात त्याच वर्षांत ती भाषा शिकत असेल. मुलगी मराठी माध्यमातली असेल तर हा मुद्दा दुप्पट वजनाचा धरा. अर्थात अर्जाचा निकाल ऐन दहावीच्या मध्यावर आला, तर चार-सहा महिने थांबून परीक्षा देऊन येण्यात काही बिघडत नाही. ती तिसरी वाट त्यासाठीच सांगितली.

हमीपत्राबद्दल तुमच्या मैत्रिणीने सांगितलं ते अर्धं बरोबर आहे. तुम्ही सरकारला दोन हम्या देता. पतीसाठी ते पीआर झाल्यापासून तीन वर्षांची. मुलीसाठी दहा वर्षांची किंवा ती पंचवीस वर्षांची होईपर्यंतची, जे आधी येईल ते. (क्वेबेकमध्ये नियम वेगळे आहेत.) अन्न, कपडे, निवारा आणि सरकारी आरोग्यसेवेत न बसणारे दात-डोळ्यांसारखे खर्च तुम्ही भागवायचे, या काळात त्यांनी सरकारी निर्वाहभत्ता घेतला तर ती रक्कम तुमच्याकडून वसूल होते. घटस्फोट झाला, ते दुसऱ्या प्रांतात गेले, तुमची नोकरी गेली, तरी हमी सुटत नाही. हे सगळं खरं. पण हमी म्हणजे दर महिन्याला मुलीच्या खात्यात पैसे भरणं नव्हे. वडील कमावते असतील आणि भत्ता घ्यायची वेळ आली नाही, तर सरकार तुमच्याकडे काहीच मागत नाही.

मैत्रिणीने जे सांगितलं नाही तेही सांगते, कारण अर्धी माहिती देऊन तुम्हाला धीर देणं मला पटत नाही. हमीपत्राशी संबंध नसलेली दुसरी एक जबाबदारी आहे. सावत्र आई किंवा वडील मुलाला पालकासारखं वागवत असतील, तर विभक्त झाल्यावर कोर्ट त्यांना पोटगी द्यायला सांगू शकतं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये शार्तिए खटल्यात स्पष्टच म्हटलं की हे नातं एकतर्फी तोडून टाकता येत नाही. तेव्हा ही जबाबदारी मुलीच्या पीआरवर नव्हे, तर तुमच्या वागण्यावर उभी राहील. 'लग्न टिकलं नाही तर' हा विचार मनात येतोय म्हणून लाजू नका. दुसऱ्या लग्नांत तो दोन्ही बाजूंना येतो. मात्र त्याचं उत्तर मुलीला सांगलीत ठेवण्यात मिळणार नाही. ते दोन ठिकाणी शोधा: पती कॅनडात कमाईला कसे लागतील याची आखणी आत्तापासून करा, आणि ऑन्टारिओतल्या कौटुंबिक वकिलाशी एक तास बोलून घ्या. एवढं करूनही दहा वर्षांची सही तुमच्या हातून होत नसेल, तर वर सांगितलेली दुसरी वाट प्रामाणिक आहे, तिथे मुलीची हमी तिचे वडील देतात. ती निवडलीत तर कारण लपवू नका. दहावीच्या आड तर मुळीच नको.

जमेच्या बाजूलाही काही आहे. मुलगी तुमच्या घरी राहायला आली की उत्पन्नानुसार कॅनडा चाइल्ड बेनिफिट हा मुलांसाठीचा सरकारी भत्ता अठराव्या वर्षापर्यंत मिळू शकतो, आणि सावत्र मूल त्यातून वगळलेलं नाही. ऑन्टारिओचं आरोग्य कार्ड तिला मिळेल. नवरा-बायको आणि अवलंबित मुलांना स्पॉन्सर करताना बहुतेक वेळा किमान उत्पन्नाची अटही नसते.

आता तिची आई. मुलगी सोबत येणार असेल तर या बाईंची संमती हा अर्जातला सर्वांत नाजूक कागद असेल. आय एम एम ५६०४ नावाचा फॉर्म त्यासाठीच आहे. मागे राहणाऱ्या पालकाने तो भरून नोटरीसमोर सही करायची. ताबा वडिलांकडे आहे म्हणून आईला विचारायची गरज नाही, असं तुमच्या घरात कोणी म्हणत असेल तर त्यांना गप्प करा. सुट्ट्यांचा हक्क तिला कोर्टाने दिला आहे आणि मुलगी कॅनडात गेली की तो कागदावरच राहतो. घटस्फोटाचा हुकूम वकिलाकडून नीट वाचून घ्या. मुलीला देशाबाहेर नेण्याबद्दल त्यात काही अट असेल तर कोर्टाची परवानगी लागेल, आणि ती त्याच कोर्टात मागावी लागेल. त्याआधी तुमच्या पतींनी कोल्हापूरला जाऊन समोरासमोर बोलावं. हातात काहीतरी घेऊन जावं: दर उन्हाळ्यात मुलगी भारतात येईल, तिकीट आम्ही काढू, आठवड्याचा व्हिडिओ कॉल ठरलेला. हे लिहून द्यायची तयारी असेल तर सही मिळण्याची शक्यता वाढते. ती नाही म्हणाली तर ती खलनायिका होत नाही. तिच्या जागी तुम्ही काय केलं असतं?

मुलीला दत्तक घ्यावं लागेल का, आडनाव-नाव बदलावं का, असंही तुम्ही पत्रात ओझरतं विचारलं आहे. कॅनडाच्या या अर्जासाठी दोन्हीची गरज नाही. ती तुमच्या पतीचं अवलंबित मूल आहे, एवढं पुरतं. दाखल्यावर तिच्या जन्मदात्या आईचं नाव आहे तसंच राहू द्या.

तुमच्या लग्नाचा पुरावा मात्र नीट जमवा. पत्रात म्हणता की लग्न नोंदणी पद्धतीने, घरच्या वीस माणसांत झालं. आपल्याकडे दुसरं लग्न असंच होतं, पण फोटोत हॉल-मांडव नाही म्हणून परदेशी अधिकाऱ्याला शंका येऊ शकते. ते साधेपणाने का केलं हे दोन परिच्छेदांत लिहून जोडा. फोनच्या नोंदी, प्रवासाची तिकिटं, पैसे पाठवल्याच्या पावत्या, मुलीबरोबरचे फोटो हेही लावा. तुमचं नाव कॅनडातल्या कागदांवर माहेरचं, विवाह प्रमाणपत्रावर सासरचं असेल, तर त्याचं शपथपत्र करा. मराठीतला प्रत्येक कागद अधिकृत भाषांतरासह जायला हवा.

सासूबाईंचा विचार कोणीच केलेला दिसत नाही. चार वर्षं ज्या पोरीला त्यांनी सांभाळलं ती गेली की घर रिकामं. "दहावी होऊ दे" यात तेही थोडं असेल. मुलगा पीआर झाला की त्यांना सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांसाठीच्या दीर्घ मुक्कामाच्या व्हिसावर, बोलावता येतं. एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्याला मुलाच्या घरच्या उत्पन्नाची अट आहे आणि किमान एक लाख डॉलरचा वैद्यकीय विमा लागतो, तो त्यांच्या वयाला स्वस्त नसेल. तरी एक हिवाळा टाळून, एप्रिलपासून सहा महिने येऊ शकतात हे त्यांना आत्ताच सांगा.

राहता राहिला एजंट. पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जाचा सल्ला द्यायचा अधिकार तिथल्या वकिलांना किंवा कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या सल्लागारांना परवाने देणाऱ्या संस्थेच्या परवानाधारकांना आहे. कॉलेजची यादी इंटरनेटवर सर्वांसाठी खुली आहे. त्यात त्याचं नाव शोधा. सापडलं नाही तर त्याच्याकडून जन्मदाखला, हुकूमनामा, पासपोर्ट असे मूळ कागद आधी परत घ्या आणि त्याने अर्जाचं खातं उघडलं असेल तर पासवर्ड बदला. आगाऊ दिलेल्या पैशांचं भांडण त्यानंतर करा.